मिलिग्रॅमकडून मायक्रोग्रॅमकडे : बालदम्यावरील औषधांची वाटचाल

बालदम्यावरील औषधांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास वरवर पाहता नवनव्या रेणूंच्या शोधांचा इतिहास वाटतो. मात्र तो बारकाईने वाचला तर त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडताना दिसते, ती म्हणजे मुलाच्या शरीरात जाणारे औषध कमी कमी होत गेले आणि त्याचा गुण वाढत गेला. साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध पोटातून द्यायचे झाल्यास सहा-सात वर्षांच्या मुलाला एका वेळी दोन मिलिग्रॅम द्यावे लागते. तेच औषध फवाऱ्यातून छातीत पोचवले तर शंभर किंवा दोनशे मायक्रोग्रॅम पुरते, आणि मायक्रोग्रॅम हा मिलिग्रॅमचा हजारावा भाग असल्यामुळे हा फरक दहा ते वीसपटींचा होतो. असे फवारे बनवणाऱ्या सिप्ला या मुंबईतल्या कंपनीचा एक कारखाना पुणे–सोलापूर महामार्गावर, दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे १९९४ पासून चालू आहे. तरीही त्याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात, धाप लागलेल्या मुलाच्या वाट्याला पहिल्यांदा येते ती बहुधा खोकल्याच्या औषधाची बाटली. औषधशास्त्राने गाठलेला पल्ला आणि घराने गाठलेला पल्ला यांतील हे अंतर कसे पडले, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम आजाराचे स्वरूप स्पष्ट करणे आवश्यक आहे. दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला दीर्घकाळ दाह असतो, म्हणजे ते अस्तर सुजलेले, लालसर आणि किरकोळ कारणानेही चिडणारे असते. त्या अवस्थेत सर्दीचा विषाणू, धूळ, धूर किंवा थंड हवा आत गेली की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट स्राव साचतो आणि आधीच अरुंद झालेल्या वाटेतून हवा बाहेर पडताना शिटीसारखा आवाज येतो. आई डॉक्टरांना सांगते की मुलाची छाती घुरघुरते, रात्री खोकला थांबत नाही, किंवा तान्हे असेल तर त्याचे पोट उडते. आणि ही तिन्ही निरीक्षणे वैद्यकीयदृष्ट्या अचूक असतात. या वर्णनात दोन वेगळ्या घटना आहेत : स्नायूंचे आवळणे ही काही मिनिटांत घडणारी आणि काही मिनिटांत सुटणारी घटना आहे, तर दाह ही महिनोन्महिने चालणारी, बाहेरून न दिसणारी अवस्था आहे. स्नायू सैल करणाऱ्या औषधाने तत्काळ आराम मिळतो व तो डोळ्यांना दिसतो. दाह शमवणाऱ्या औषधाचा परिणाम दिसत नाही, कारण जो झटका आलाच नाही तो कोणालाच दिसत नाही. पुढे येणारे बहुतेक गैरसमज या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

भारतात दम्याचे सुमारे ३.४ कोटी रुग्ण असल्याचा २०१९ चा जागतिक आजारभार-अभ्यासाचा अंदाज आहे. जगातील एकूण रुग्णांत हे प्रमाण सुमारे १३ टक्के असले, तरी दम्याने होणाऱ्या मृत्यूंत भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे. हे मृत्यू प्रामुख्याने प्रौढांचे आहेत हे खरे. परंतु आजार जगभर सारखा आणि मरण मात्र इथे अधिक, याचा अर्थ उपचार पोचत नाही एवढाच होतो. १९९० च्या दशकात झालेल्या मुलांच्या दम्याच्या जागतिक सर्वेक्षणात पुणे, मुंबई आणि अकोला ही केंद्रे सहभागी होती. सोलापूर त्यात नव्हते. मात्र सोलापूरच्या मुलांच्या श्वासात काय जाते हे समजण्यासाठी सर्वेक्षणाची वाट पाहावी लागत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आहे. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांचे तंतू, ऊसतोडणीच्या हंगामात पाचट जाळल्याचा धूर, मंगळवेढ्याच्या पट्ट्यात ज्वारीच्या मळणीची धूळ, मोकळ्या जागांत माजणारे काँग्रेस गवत, आणि हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर घरातच विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रियांच्या सुपातली तंबाखूची भुकटी, हे सर्व एकाच शहराच्या परिसरात आढळते. डासांच्या उदबत्तीची भर वेगळीच. मलेशिया आणि चीनमधील उदबत्त्यांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका उदबत्तीतून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात असे आढळले होते. यांपैकी कोणत्या एका गोष्टीमुळे एखाद्या मुलाला दमा झाला असे म्हणता येत नाही, कारण दम्याच्या मुळाशी आनुवंशिकता आणि परिसर यांची गुंतागुंत असते. पण ज्याच्या श्वासनलिका आधीच चिडलेल्या आहेत त्याला यांतली कोणतीही गोष्ट झटका आणू शकते.

औषधांच्या इतिहासाची एक वाट भारतातून गेली आहे, आणि ती महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्याची आहे. दम्यात धोतऱ्याचा धूर ओढण्याची पद्धत दक्षिण भारतात प्रचलित होती, मद्रासमधील डॉ. जेम्स अँडरसन यांच्याकडून ती जनरल जेंट या अधिकाऱ्याला कळली आणि त्याच्यामार्फत १८०२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये पोचली. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपभर धोतऱ्याच्या जातीच्या वनस्पतींच्या ‘दम्याच्या सिगारेटी’ विकल्या जाऊ लागल्या, आणि धुराने दमणाऱ्या रुग्णाला धूरच ओढायला सांगण्याचा हा विचित्र उपचार विसाव्या शतकातही बराच काळ टिकला. तरी त्यातला मूळ विचार चुकीचा नव्हता. धोतऱ्यातील ॲट्रोपीनसारखी द्रव्ये श्वासनलिकांना आवळणारा मज्जातंतूंचा संदेश अडवतात. मात्र तीच रक्तात पसरली की तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळतो. या रेणूत रासायनिक बदल करून तो फुफ्फुसातून रक्तात फारसा शिरणार नाही असा बनवला गेला, तेव्हा इप्राट्रोपियम आणि नंतर टायोट्रोपियम ही औषधे मिळाली. यांतील दुसऱ्याला अमेरिकेत २०१७ मध्ये सहा वर्षांवरील दमेकरी मुलांसाठी मान्यता मिळाली. द्रव्याच्या जवळपास त्याच कुळाला धुरातून मोजक्या मायक्रोग्रॅमपर्यंत यायला दोनशेहून अधिक वर्षे लागली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ॲड्रिनलिनचे इंजेक्शन दम्यात वापरले जाऊ लागले. ते काही मिनिटांत श्वास मोकळा करी, पण हृदयाची धडधड आणि हातांची थरथर हा त्याचा मोबदला होता. १९२४ मध्ये चेन आणि श्मिट या संशोधकांनी चिनी परंपरेतील एका वनौषधीतल्या एफेड्रीनचे गुणधर्म मांडले व तोंडाने घेता येणारा पर्याय उपलब्ध झाला. त्यानंतरचे महत्त्वाचे औषध म्हणजे चहाच्या पानांतही अल्प प्रमाणात आढळणारे थिओफिलीन, ज्याचे एक मिश्रण महाराष्ट्रातील कित्येक घरांना ‘डेरिफायलीन’ या नावाने तोंडपाठ आहे. थिओफिलीनची अडचण अशी की गुण देणारी रक्तपातळी आणि अपाय करणारी पातळी यांमध्ये फारच थोडी जागा असते. मुलाला ताप असला किंवा सोबत काही प्रतिजैविके चालू असली तर तीच मात्रा उलट्या, बेचैनी आणि क्वचित आकडीपर्यंत नेऊ शकते. आज मुलांच्या नियमित उपचारात या औषधाला फारसे स्थान उरलेले नाही. त्याची लोकांच्या मनातील प्रतिष्ठा मात्र उरली आहे, आणि इंजेक्शन टोचल्याशिवाय औषध लागू पडत नाही या समजुतीचा त्या प्रतिष्ठेत मोठा हात असावा.

श्वासाचे औषध श्वासातूनच देण्याचे प्रयत्न जुने असले, तरी प्रत्येक वेळी नेमकी तितकीच मात्रा सोडणारा छोटा डबा अस्तित्वात आला तो १९५६ मध्ये, आणि त्यामागे एका दमेकरी मुलीचा प्रश्न होता. अमेरिकेतील रायकर प्रयोगशाळेचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीने, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे आपले औषध का मिळत नाही, असे विचारल्याची नोंद आहे. वायूच्या दाबाने औषध सोडणारा आणि एका दाबात ठराविक मात्रा मोजणारा पंप त्या प्रश्नातून तयार झाला. पुढे इंग्लंडमध्ये डेव्हिड जॅक यांच्या चमूने साल्ब्युटामॉल शोधले व ते १९६९ पासून बाजारात आले; हृदयाला कमी आणि श्वासनलिकांना अधिक भिडणारे हे औषध अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकून आहे.

परंतु या दोन घटनांच्या मधल्या काळात जे घडले ते बालदम्याच्या इतिहासातील सर्वांत गंभीर प्रकरण आहे. आयसोप्रिनलिन या आधीच्या औषधाचे फवारे १९६० च्या दशकात इंग्लंड आणि वेल्समध्ये सढळपणे विकले जात होते, त्यांतला एक प्रकार तर नेहमीपेक्षा अनेकपट तीव्र होता, आणि १९५९ ते १९६६ या काळात १० ते १४ वर्षे वयाच्या मुलांत दम्याने होणारे मृत्यू जवळपास आठपट झाले. औषधाची हृदयावरील विषारी क्रिया हे एक स्पष्टीकरण दिले गेले. दुसरे अधिक बोधप्रद आहे : फवारा मारताच बरे वाटत असल्याने मूल आणि पालक दोघेही निर्धास्त राहत, आत दाह वाढत जाई, आणि ज्या दिवशी फवाऱ्याचाही उपयोग होईना त्या दिवशी रुग्णालय गाठायला वेळ उरत नसे. केवळ तात्पुरत्या आरामाच्या पंपावर मूल सोडणे धोक्याचे आहे हा निष्कर्ष तेव्हापासून उपलब्ध होता. उपचाराच्या नियमांत तो पूर्णपणे उतरायला पुढची पन्नास वर्षे जावी लागली, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला फारशी भूषणावह नाही.

दाहावरचे औषध म्हणजे स्टिरॉइड. मूत्रपिंडावरील ग्रंथीत तयार होणाऱ्या संप्रेरकाशी साधर्म्य असलेली ही औषधे १९५० च्या सुमारास दम्यात वापरली जाऊ लागली, आणि पोटातून दीर्घकाळ दिल्यावर मुलांची उंची खुंटणे, चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे असे परिणाम लवकरच समोर आले. इंग्लंडमधील डर्बी येथील डॉ. हॅरी मॉरो ब्राउन यांनी १९५८ मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले : ज्यांच्या कफात इओसिनोफिल नावाच्या, ॲलर्जीशी निगडित पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने आढळतात, त्यांनाच स्टिरॉइडचा खरा लाभ होतो. त्याच डॉक्टरांनी १९७२ मध्ये बेक्लोमेथासोन या ओढता येणाऱ्या स्टिरॉइडच्या वापराचे निष्कर्ष मांडले, आणि पोटातील गोळ्यांवर अवलंबून असलेल्या अनेक रुग्णांच्या गोळ्या सुटल्या. नंतर आलेले ब्युडेसोनाइड आज लहान मुलांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रतिबंधक औषधांपैकी एक असून त्याची रोजची नेहमीची मात्रा शंभर ते चारशे मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतातील नोंदींवर आधारलेल्या, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की वर्षभरात वापरलेल्या अशा पंपाच्या प्रत्येक वाढीव डब्यामागे दम्याने मरण्याचा धोका सुमारे २१ टक्क्यांनी घटत होता.

तरीही ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकताच पालक बिचकतात, आणि त्यांच्या भीतीला अज्ञान म्हणून झटकून टाकणे योग्य नाही, कारण ती भीती पोटातल्या स्टिरॉइडच्या खऱ्या अनुभवातून आलेली आहे. तिचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागते. अमेरिका आणि कॅनडातील ५ ते १२ वर्षांच्या १०४१ मुलांवर झालेल्या दीर्घ चाचणीत काहींना रोज ब्युडेसोनाइड, काहींना दुसरे औषध आणि काहींना औषधविरहित फवारा देण्यात आला होता. त्यांतील बहुतेकांना प्रौढ झाल्यावर पुन्हा मोजले असता, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ब्युडेसोनाइड घेतलेल्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. हा परिणाम शून्य नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सोबत हेही सांगितले पाहिजे की हा फरक पहिल्या काही वर्षांतच पडतो व पुढे वाढत जात नाही, आणि ताब्यात नसलेला दमा, तसेच त्याच्या प्रत्येक झटक्यात द्याव्या लागणाऱ्या पोटातल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, हीदेखील वाढ रोखणारी कारणे आहेत. पंपाची सवय लागते, तो एकदा लागला की सुटत नाही, पंप म्हणजे शेवटचा उपाय, या समजुतींना तर आकड्यांचाही आधार नाही; मूल रोज पंप घेते ते दाह चालू असतो म्हणून, आणि दाह ओसरला की डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवतात.

सिप्लाने १९७६ मध्ये दम्यावरील फवारे भारतात आणले आणि नंतरच्या दशकांत पंपांची किंमत युरोप-अमेरिकेच्या मानाने पुष्कळ खाली आली. कॅप्सूल फोडून त्यातील भुकटी ओढण्याचे साधनही भारतात रुळले. मात्र ते साधारण पाच-सहा वर्षांवरील, जोरात श्वास ओढू शकणाऱ्या मुलांच्याच कामाचे असते. त्याहून लहान मुलांसाठी पंप आणि तोंड यांच्यामध्ये एक पोकळ नळकांडे लावतात, त्याला स्पेसर म्हणतात. फवाऱ्याचा वेग त्यात मंदावतो, मोठे थेंब त्याच्या भिंतींना चिकटून राहतात आणि बारीक थेंब मूल साध्या श्वासाबरोबर आत घेते. स्पेसरशिवाय पंप वापरला तर औषधाचा बराचसा भाग घशावर आदळून पोटात जातो. अगदी लहानांना स्पेसरला मुखवटा जोडून औषध देतात. इथे एका रूढ समजुतीचा उल्लेख आवश्यक आहे : मूल रडत असताना ते खोल श्वास घेते, तेव्हा औषध चांगले आत जाते, असे अनेकांना वाटते, प्रत्यक्षात रडताना श्वास बाहेर टाकणे लांबते, आत घेणे घाईचे आणि आखूड होते आणि छातीत पोचणारे औषध एकदम घटते. मूल मांडीवर शांत झाल्यावर दिलेला एक फवारा रडारडीतल्या चारांहून अधिक मोलाचा असतो.

सोलापूरसह महाराष्ट्रात सर्वत्र ज्याला ‘वाफ देणे’ म्हणतात ते नेब्युलायझर हे यंत्र मुळात वाफ देतच नाही. ते औषधी द्रावणाचे धुके बनवते. दवाखान्यात जाऊन वाफ घेतली की मूल बरे झाले, हा आईबापांचा अनुभव खरा असतो, म्हणून काहीजण हप्त्याने हे यंत्र घरी आणतात. परंतु झटक्याच्या वेळी स्पेसरमधून दिलेले फवारे नेब्युलायझरइतकेच परिणामकारक ठरतात, मुलांना आपत्कालीन विभागात थांबावे लागणारा वेळ त्याने घटतो आणि नाडीही कमी धडधडते, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून सिद्ध झाले आहे. ज्यांना स्पेसर घेणेही जड जाते त्यांच्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनमधून एक उत्तर आले. डॉ. हेदर झार आणि सहकाऱ्यांनी शीतपेयाच्या अर्ध्या लिटरच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचे छिद्र पाडले, पंप त्यात बसवून जोड हवाबंद केला, आणि १९९९ मध्ये दाखवून दिले की झटका आलेल्या मुलांना ही बाटली विकतच्या स्पेसरइतकाच आराम देते. जोड हवाबंद केला नाही तर मात्र गुण कमी येतो, आणि नुसत्या प्लॅस्टिकच्या पेल्याने तर आणखीच कमी. यंत्रमागावरील कामगाराच्या घरी अशी बाटली फुकट मिळते. नवा प्लॅस्टिक स्पेसर भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात धुऊन, न पुसता, निथळत वाळवावा लागतो, कारण फडक्याने पुसल्यावर निर्माण होणारी स्थिर वीज औषधाचे कण भिंतींकडे ओढून घेते.

कायमच्या एका उपायाची आशा हा या विषयाचा सामाजिक गाभा आहे. मृग नक्षत्राच्या सुरुवातीला हैदराबादेत बत्तिनी कुटुंबाकडून जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो गिळायला दिला जातो आणि त्यासाठी देशभरातून हजारो लोक रांगा लावतात. महाराष्ट्रात कोजागिरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचे औषध देण्याची पद्धत आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी घडवलेल्या सोलापूरला यांतल्या दोन्ही परंपरा अपरिचित नाहीत. या उपायांचा गुण कोणत्याही काटेकोर चाचणीत सिद्ध झालेला नाही. तरी त्यांनी बरी झालेली मुले प्रत्येक गल्लीत दाखवता येतात, आणि ती दाखवणारे खोटे बोलत नसतात. अमेरिकेतील टक्सन शहरात जन्मापासून सहा वर्षांपर्यंत आठशेहून अधिक मुलांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा वयाच्या पहिल्या तीन वर्षांत ज्यांची छाती घुरघुरली होती त्यांतील सुमारे ६० टक्के मुलांचा त्रास सहाव्या वर्षापर्यंत आपोआप थांबल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी मासा, खीर, काढा किंवा अंगारा, काहीही दिले तरी सहाव्या वर्षी त्याला श्रेय मिळण्याची शक्यता निम्म्याहून अधिक आहे. उरलेल्या चाळीस टक्क्यांचे काय झाले हे कोणी सांगायला येत नाही.

या बाबतीत आधुनिक औषधांनीही फुशारकी मारण्याचे कारण नाही. दम्याची दाट शक्यता असलेल्या दोन-तीन वर्षांच्या २८५ मुलांपैकी एका गटाला दोन वर्षे ओढायचे स्टिरॉइड आणि दुसऱ्याला औषधविरहित फवारा दिला, तेव्हा औषध चालू असेपर्यंत पहिल्या गटाचा त्रास कमी राहिला. औषध थांबवल्यानंतरच्या वर्षात दोन्ही गटांत फरक उरला नाही, असे २००६ मधील एका चाचणीत दिसले. ओढायचे स्टिरॉइड आजार आटोक्यात ठेवते, त्याचा नैसर्गिक मार्ग बदलत नाही.

मोंटेलुकास्ट या १९९८ पासून वापरात असलेल्या चघळायच्या गोळीबद्दल थोडक्यात इतकेच, की पंपाची धास्ती घेतलेल्या पालकांना ती सोयीची वाटत असली तरी तिचा गुण ओढायच्या स्टिरॉइडहून कमी आहे, आणि काही मुलांत झोपमोड, भयस्वप्ने, चिडचिड आणि नैराश्य असे परिणाम आढळल्याने अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये तिच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

गेल्या काही वर्षांतील सर्वांत मोठा बदल नवीन रेणूमुळे झालेला नाही. जुनेच दोन रेणू एका डब्यात घालून कधी घ्यायचे, याविषयीचा विचार बदलल्यामुळे झाला आहे. फॉर्मोटेरॉल हे श्वासनलिका दीर्घकाळ मोकळ्या ठेवणारे, पण साल्ब्युटामॉलप्रमाणेच काही मिनिटांत काम सुरू करणारे औषध आहे. ते ब्युडेसोनाइडबरोबर एकाच पंपात दिले, तर धाप लागल्यावर घेतलेल्या प्रत्येक फवाऱ्याबरोबर दाहशामक औषधही आपोआप आत जाते, आणि आराम वाटला म्हणून मूळ उपचार विसरला जाण्याची शक्यताच राहत नाही. दम्याच्या उपचाराचे जागतिक मार्गदर्शन करणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने २०१९ मध्ये, बारा वर्षांवरील कोणालाही नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, अशी शिफारस केली. लहान मुलांसाठी पुरावा अपुरा होता. तो न्यूझीलंडमधील ५ ते १५ वर्षांच्या ३६० मुलांच्या चाचणीतून २०२५ मध्ये पुढे आला. सौम्य दमा असलेल्या या मुलांपैकी ज्यांना त्रासाच्या वेळी साल्ब्युटामॉलऐवजी ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप दिला गेला, त्यांना वर्षभरात सुमारे ४५ टक्के कमी झटके आले आणि त्यांच्या उंचीच्या वाढीत फरक आढळला नाही. रोज औषध द्यायला विसरणाऱ्या, किंवा मूल बरे दिसताच ते थांबवणाऱ्या घरांचा स्वभाव गृहीत धरून आखलेला हा पहिला उपचार म्हणता येईल.

याच्या उलट टोकाला आहेत जैविक औषधे, म्हणजे दाहाच्या साखळीतील एखादाच दुवा ओळखून अडवणारी, प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेतलेली प्रतिपिंडे. ओमालिझुमॅब ॲलर्जीच्या प्रतिपिंडांना बांधून ठेवते व ते २०१६ पासून अमेरिकेत सहा वर्षांवरील मुलांसाठी मान्य आहे; मेपोलिझुमॅब इओसिनोफिल पेशींची संख्या उतरवते; ड्युपिलुमॅब दोन रासायनिक संदेशांचा एकाच वेळी मार्ग रोखते आणि ६ ते ११ वर्षांच्या ४०८ मुलांतील चाचणीत त्याने तीव्र झटके ५९ टक्क्यांनी घटवले. मिलिग्रॅम घटत जाण्याचा नियम या इंजेक्शनांना लागू होत नाही, परंतु नेम अधिक अचूक होत गेल्याचे त्यांतही दिसते, आणि मॉरो ब्राउन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या पेशीच इथे लक्ष्य ठरल्या आहेत. मोठ्यांना लागू पडणारे मुलांना तितकेच लागू पडेल असे मात्र नाही : अमेरिकेतील गरीब शहरी वस्त्यांतील मुलांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेपोलिझुमॅबने झटके २७ टक्क्यांनीच कमी केले. ही औषधे महाग आहेत आणि सर्व नेहमीचे उपचार नीट घेऊनही आटोक्यात न येणाऱ्या मोजक्याच मुलांसाठी आहेत. जिथे पंपच नियमित घेतला जात नाही, तिथे दमा ‘औषधाला न जुमानणारा’ आहे की औषध पोचलेलेच नाही, हे आधी तपासावे लागते.

सरकारी यंत्रणेत या आजाराला नाव मिळालेले आहे, ही गोष्ट फारशी माहीत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि शाळांतील मुलांत ज्या ३० व्याधी शोधायच्या आहेत, त्यांत श्वासमार्गाच्या अतिसंवेदनशीलतेचा समावेश आहे; म्हणजे अक्कलकोट किंवा करमाळ्याच्या शाळेतही तपासणी पथकाने असे मूल ओळखणे अपेक्षित आहे. साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड ही दोन्ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत आहेत. शहरात १९६३ पासूनचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले मोठे रुग्णालय आहे. अडचण या कड्यांच्या मधल्या जागेत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची रचना दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आणि ठरावीक उपचारांसाठी आहे, त्यामुळे झटका येऊन मूल दाखल झाले तर खर्चाची वाट निघू शकते. जो काही शे रुपयांचा पंप ते दाखल होणे टाळतो तो मात्र बाह्यरुग्णाने दर दोन महिन्यांनी आणायचा असतो. विडी वळणाऱ्या घरात त्या महिन्याचा हिशेब बसला नाही, की वगळली जाते ती हीच वस्तू, कारण त्या दिवशी मूल खेळत असते.

पंप संपला हे ओळखण्यातही चूक होते. मोजणी दाखवणारा आकडा नसलेल्या पंपातील औषध संपल्यावरही आतला वायू बराच काळ फवारत राहतो, त्यामुळे दाबल्यावर आवाज येतो आणि मुलाच्या घशाला गारवाही जाणवतो. डबा पाण्यात तरंगतो की बुडतो हे पाहण्याची जुनी युक्तीही भरवशाची नाही. दोनशे मात्रांचा पंप सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन फवारे या हिशेबाने पन्नास दिवस पुरतो. म्हणून पहिला फवारा मारण्याच्या दिवशीच, पन्नासाव्या दिवसाची तारीख डब्यावर पेनाने लिहून ठेवावी आणि पुढच्या तपासणीला रिकामा डबा डॉक्टरांकडे घेऊन जावा, म्हणजे घरात खरोखर किती औषध वापरले गेले याची नोंद मात्रा वाढवण्याचा किंवा उतरवण्याचा निर्णय होण्याआधी त्यांच्यासमोर असते.